संकटकालीन निर्गमद्वारे आणि विद्युत संकेत स्विच : रचना, कार्य व महाविद्यालयीन इमारतींतील उपयोजन

सारांश : सभागृह, ग्रंथालय, वसतिगृह इत्यादी इमारतींतील संकटकालीन दारे चोरी, कॉपी वा बाहेरच्या व्यक्तींचा प्रवेश या भीतीपोटी कुलूपबंद ठेवली जातात. दाराच्या दांडीत, कुलपाच्या जिभेत व चौकटीत बसविल्या जाणाऱ्या विद्युत संकेत स्विचांमुळे ही भीती कुलपाशिवाय दूर करता येते. प्रस्तुत लेखात या स्विचांची पार्श्वभूमी, रचना, कार्यपद्धती व मर्यादा विशद केल्या असून, दार उघडण्याचे काम यांत्रिक राहिले पाहिजे आणि विजेने केवळ वार्ता द्यावी, हे तत्त्व प्रतिपादिले आहे.

बीजशब्द : संकटकालीन दार, पॅनिक बार, संकेत स्विच, रीड स्विच, अग्निसुरक्षा, महाविद्यालयीन इमारती.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या सभागृहात वार्षिक स्नेहसंमेलन सुरू असताना ध्वनिवर्धकाच्या जोडणीतून धूर निघाला आणि पाठोपाठ दिवे गेले. प्रस्तुत लेखक तेव्हा बाजूच्या दाराजवळ देखरेखीसाठी उभा होता. त्या दारावर लाल अक्षरांत 'संकटकालीन मार्ग' असे लिहिलेले होते आणि त्याच दाराच्या कडीला कुलूप होते. किल्ली शिपाईमामांकडे होती व शिपाईमामा मुख्य फाटकावर होते. किल्ली येईपर्यंत चार-पाच मिनिटे गेली. तेवढ्या अवधीत दोनएकशे विद्यार्थी अंधारात त्या दारावर येऊन थडकले. धूर आपोआप निवळला, कोणालाही इजा झाली नाही आणि कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. मात्र ते कुलूप लावण्याच्या ठरावावर समितीचा सदस्य या नात्याने प्रस्तुत लेखकाचीही सही होती, ही गोष्ट त्यानंतर मनातून गेली नाही.

ठराव अविचाराने झाला नव्हता. मागील वर्षी त्याच दाराने बाहेरची मुले आत आली होती आणि साहित्याची नासधूस झाली होती. ग्रंथालयाच्या मागील दाराबाबत पुस्तकांची, परीक्षागृहाबाबत कॉपीची, तर मुलींच्या वसतिगृहाबाबत सुरक्षिततेची चिंता असते. या सर्व चिंता खऱ्या आहेत. त्यांवर कुलूप हाच एक उपाय आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी : बंद दारांची कारणे

संकटकालीन दाराच्या साधनांचा इतिहास हा दुर्घटनांचा इतिहास आहे. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलँड येथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांच्या करमणुकीचा प्रयोग संपत आला होता. खाली भेटवस्तू वाटल्या जात आहेत असे कळताच वरच्या गॅलरीतील मुले जिन्याने खाली धावली. जिन्याच्या तळाचे दार आतील बाजूस उघडणारे होते आणि एका वेळी एकच मूल जाऊ शकेल इतकी फट ठेवून ते बोल्ट लावून पक्के केलेले होते. तिकिटे तपासणे सोपे जावे, हा त्यामागील हेतू समजला जातो. तेथे १८३ मुले गुदमरून मृत्युमुखी पडली. कोठेही आग लागलेली नव्हती. या दुर्घटनेनंतर सार्वजनिक इमारतींच्या निर्गममार्गांबाबत ब्रिटनमध्ये कायदेशीर तरतुदी झाल्या. पुढे १८९२ मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांना आतून रेटा देताच सुटणाऱ्या बोल्टचे पेटंट मिळाले.

अमेरिकेत ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागो येथील इरोक्वॉय नाट्यगृहाला आग लागून ६०० हून अधिक व्यक्ती मरण पावल्या. नाट्यगृह नवे होते आणि ते पूर्णतः अग्निरोधक असल्याची जाहिरात करण्यात आली होती. काही निर्गमद्वारे बंद होती, तर काहींवरील खटके प्रेक्षकांना अपरिचित असल्याने उघडता आले नाहीत. इंडियानापोलिस येथील व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीतील कार्ल प्रिन्झलर हे त्या दिवशी त्या प्रयोगाला जाणार होते, परंतु जाऊ शकले नाहीत. पुढे त्यांनी हेन्री ड्यूपॉन्ट यांच्या साहाय्याने छातीच्या रेट्याने उघडणाऱ्या आडव्या दांडीचे साधन विकसित केले. ते १९०८ पासून बाजारात आले. व्हॉनेगट, ड्यूपॉन्ट व प्रिन्झलर या तीन नावांतून 'व्हॉन डुप्रिन' हे त्याचे नाव तयार झाले.

दांडी आली तरी कुलपे गेली नाहीत. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. नवव्या मजल्यावरील जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये व बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, हा त्यामागील उद्देश होता. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या रात्रमंडळाच्या आगीत ४९२ बळी गेले. तेथील तळघराच्या जिन्यावरील दाराला पॅनिक बार होता, परंतु त्यावर आणखी एक कुलूप घातलेले होते. आपल्याकडे १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक गुदमरून मरण पावले, तेव्हा बाल्कनीतील एक वाट वाढीव आसनांनी अडलेली होती.

या घटनांतील कारणे एकत्र पाहिली असता तिकीट, चोरी, उत्पन्न असे व्यवहारातील साधेच हेतू दिसतात. कोणीही माणसे कोंडण्यासाठी दार बंद केलेले नव्हते. म्हणून 'दार उघडे ठेवा' एवढा उपदेश पुरत नाही. दार बंद करण्यामागील चिंतेला दुसरे उत्तर द्यावे लागते, आणि विद्युत संकेत स्विच हे असे एक उत्तर आहे.

३. मूळ साधन : पॅनिक बार

पॅनिक बार म्हणजे दाराच्या आतील बाजूस कमरेच्या उंचीवर बसविलेली आडवी दांडी वा पट्टी. ती दाबली असता आतील तरफेमुळे कुलपाची जीभ मागे सरकते आणि दार बाहेरच्या दिशेने उघडते. किल्ली, मूठ फिरविणे वा पूर्वज्ञान यांपैकी कशाचीही आवश्यकता नसते. अमेरिकेतील एन.एफ.पी.ए. १०१ या जीवितसुरक्षा संहितेनुसार दांडी दाबण्यास लागणारे बल ६७ न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे सात किलो वजनाच्या भारापेक्षा, अधिक असू नये आणि दांडीचा दाबला जाणारा भाग दाराच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असू नये. युरोपातील ई.एन. ११२५ या मानकात गर्दीचा विचार अधिक स्पष्टपणे केलेला आहे. दारावर १००० न्यूटनचा रेटा असतानाही २२० न्यूटनच्या आत दार सुटले पाहिजे, अशी अट त्यात आहे. घाबरलेली माणसे मागून रेटत असताना पुढच्या माणसाला हात हलविण्यासही जागा नसते, हे या अटीमागील वास्तव होय.

बाहेरील बाजूने असे दार बंदच असते. म्हणजे बाहेरच्या व्यक्तीस आत येता येत नाही, परंतु आतील व्यक्तीस केव्हाही बाहेर जाता येते. राहतो तो प्रश्न एवढाच की, कोणी आतून दार उघडून पुस्तके बाहेर नेली किंवा बाहेरच्या मित्राला आत घेतले, तर ते कळणार कसे? संकेत स्विचांचे कार्य येथून सुरू होते.

४. संकेत स्विचांचे प्रकार व कार्य

४.१ दांडीतील स्विच : दांडीच्या पोकळीत एक लहान मायक्रोस्विच बसविलेला असतो. त्यात वाकविलेली पातळ स्प्रिंगपट्टी असते. दांडी एका विशिष्ट बिंदूपलीकडे दाबली गेली की ही पट्टी झटक्यात दुसऱ्या बाजूस उडी घेते. त्यामुळे दांडी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, संपर्क निःसंदिग्धपणे बदलतो. अशा स्विचला सामान्यतः तीन टोके असतात : एक सामाईक, एक एरवी जोडलेले व एक एरवी तुटलेले. 'आतून कोणीतरी बाहेर जाऊ पाहत आहे' हा या स्विचचा संदेश होय.

४.२ जिभेचा स्विच : हा कुलपाची जीभ पूर्णपणे बाहेर आली आहे की मागे दबलेली आहे, हे सांगतो. त्याचे महत्त्व एका प्रसिद्ध घटनेवरून ध्यानात येईल. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टन येथील वॉटरगेट संकुलात पहारेकरी फ्रँक विल्स यांना काही दारांच्या जिभांवर चिकटपट्टी लावलेली आढळली. अशी दारे पाहणाऱ्यास बंद दिसतात, पण जीभ दबलेली असल्याने बाहेरून ओढताच उघडतात. विल्स यांनी पोलिसांना बोलाविले आणि घुसखोर पकडले गेले. विल्स यांनी डोळ्यांनी पाहिले ते जिभेचा स्विच अहोरात्र पाहत असतो.

४.३ दाराच्या स्थितीचा स्विच : दार चौकटीस टेकले आहे की नाही, हे सांगण्यासाठी बहुधा रीड स्विच वापरला जातो. सीलबंद काचनळीत दोन चुंबकीय धातूंच्या पातळ पट्ट्या असतात. दारात बसविलेला चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात व दूर गेला की सुटतात. या स्विचची कल्पना बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये मांडली. साध्या रीड स्विचला बाहेरून दुसरा चुंबक लावून फसविता येते. म्हणून महत्त्वाच्या दारांवर संतुलित चुंबकीय स्विच बसवितात. त्यात ठरावीक तीव्रतेचेच चुंबकीय क्षेत्र मान्य होते.

४.४ स्वतंत्र भोंगा : काही दांड्यांमध्येच बॅटरीवर चालणारा भोंगा असतो. दांडी दाबली की तो कर्कशपणे वाजू लागतो व अधिकृत किल्लीने बंद करावा लागतो. येथे तारांचे जाळे लागत नाही. लहान महाविद्यालयांना हा सर्वांत सुलभ पर्याय आहे.

५. संकेतांचा अर्थ लावणे

एकट्या स्विचचा संदेश अपुरा असतो. दोन-तीन स्विच एकत्र वाचले असता दाराशी काय घडले, हे पुष्कळ अंशी निश्चितपणे सांगता येते.

(अ) दांडी दाबली गेली आणि त्यानंतर दार उघडले : आतील व्यक्ती बाहेर गेली.
(आ) दांडी दाबली गेली नाही, अधिकृत किल्ली वा कार्डही वापरले गेले नाही, तरीही दार उघडले : बाहेरून जबरदस्तीने प्रवेश झाला.
(इ) दार उघडले आणि ठरावीक वेळेत मिटले नाही : दाराला वीट वा बाक लावून ते अडवून ठेवले आहे.
(ई) दार मिटलेले आहे, परंतु जीभ बाहेर आलेली नाही : खटका बिघडला आहे किंवा कोणी त्यात कागद कोंबला आहे.

हे संदेश १२ वा २४ व्होल्टच्या अल्प दाबाच्या तारांनी पहारेकऱ्याच्या खोलीतील फलकावर पोहोचतात. हलत्या दारातून तारा नेण्यासाठी तारयुक्त बिजागरी वा लवचिक नळी वापरतात. तार तुटली तर काय, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. एरवी तुटलेल्या संपर्कावर यंत्रणा उभारली, तर तार तुटल्याचे कोणालाच कळत नाही आणि फलक वर्षानुवर्षे 'सर्व ठीक' असे दाखवीत राहतो. एरवी जोडलेला संपर्क वापरल्यास तार तुटताच इशारा मिळतो. याहून चांगली रीत म्हणजे स्विचजवळ, वाहिनीच्या टोकाशी, दोन रोधक बसविणे. उदाहरणार्थ, १ किलो-ओहमचा एक रोधक वाहिनीच्या एकसरीत व तेवढाच दुसरा रोधक स्विचच्या समांतर जोडला, तर दार बंद असताना १ किलो-ओहम, उघडे असताना २ किलो-ओहम, तारा एकमेकींना चिकटल्यास शून्य आणि तुटल्यास अनंत रोध दिसतो. बिघाड व घटना यांतील भेद असा साध्या मोजमापाने करता येतो. पदवी वर्गाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतही हे प्रात्यक्षिक सहज घडविता येईल.

६. वार्ता देणारी वीज आणि दार धरून ठेवणारी वीज

विजेचा दाराशी दोन प्रकारे संबंध येतो व त्यांतील फरक खरेदी समितीने नीट समजून घेतला पाहिजे. वर वर्णिलेले स्विच केवळ वार्ता देतात. वीज गेली, तार जळली वा फलक बंद पडला, तरी दांडी दाबताच दार उघडते. याउलट विद्युतचुंबकीय कुलूप हे विजेच्या बळावर दार धरून ठेवते. अशा दारास सुटण्यासाठी वीज खंडित व्हावी लागते. वीज गेल्यावर ते आपोआप सुटते, हे खरे. तथापि आपल्याकडे वीज वारंवार जात असल्याने त्याला बॅटरी जोडली जाते, आणि मग दिवे गेल्यावरही दार घट्टच राहते.

यास्तव अमेरिकी संहितांत अशा कुलपांवर कडक अटी आहेत. आतील माणसाची चाहूल घेणाऱ्या संवेदकाने कुलूप सोडायचे असेल, तर दाराजवळ हाताने दाबावयाचे बटणही असावे लागते आणि ते दाबताच कुलपाचा वीजपुरवठा थेट, मधल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर विसंबून न राहता, किमान ३० सेकंद खंडित व्हावा लागतो. नियंत्रक बिघडला तरी माणूस सुटला पाहिजे, हा त्यामागील विचार आहे. जेथे दांडीतील स्विचच चुंबकीय कुलपाचा पुरवठा तोडतो, तेथे त्या लहानशा स्विचवर माणसाचा जीव अवलंबून असतो. तेथे तो केवळ वार्ताहर राहत नाही आणि त्याची तपासणीही त्याच गांभीर्याने व्हावी लागते.

विलंबित निर्गम हा मधला प्रकार होय. दांडी दाबल्यावर भोंगा वाजतो व दार १५ सेकंदांनी, विशेष परवानगी असल्यास ३० सेकंदांनी, सुटते. एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया उलटविता येत नाही. अग्निसूचना मिळताच वा वीज जाताच विलंब रद्द होऊन दार तत्काळ मोकळे झाले पाहिजे आणि दारावर तशी सूचना लिहिलेली असली पाहिजे. इमारतीत स्वयंचलित तुषार वा अग्निशोधक यंत्रणा असल्याशिवाय ही पद्धत मान्य होत नाही आणि सभागृहांसारख्या गर्दीच्या जागी तिच्यावर मोठ्या मर्यादा आहेत. धुराने भरलेल्या जिन्यात १५ सेकंद किती दीर्घ असतात, याची कल्पना वाचकांनी करावी.

७. महाविद्यालयीन इमारतींसंदर्भात विचार

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) निर्गमद्वार आतील बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निसुरक्षा व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर आहे आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. या पार्श्वभूमीवर पुढील बाबी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, प्रत्येक संकटकालीन दाराबाबत त्यास कुलूप का लावले जाते, हे कारण लेखी नोंदवावे. कारण चोरीचे असेल तर भोंग्याची दांडी पुरेशी ठरते. बाहेरच्यांच्या प्रवेशाचे असेल तर जिभेचा व दाराच्या स्थितीचा स्विच लागेल. दुसरी, ग्रंथालयात पैसा मर्यादित असल्यास सर्व दारांवर जाळे उभारण्याऐवजी मागील एका दारावर बॅटरीचा भोंगा बसवून आरंभ करावा. तिसरी, संकेत कोणाकडे जाणार व तो मिळाल्यावर त्या व्यक्तीने काय करावयाचे, हे आधी ठरवावे. ऐकणारा कोणी नसेल तर भोंगा दोन दिवसांत कंटाळवाणा होतो, कोणीतरी त्याची बॅटरी काढतो आणि आठवड्याभरात जुने कुलूप परत येते. चौथी, दर महिन्यास एकदा प्रत्येक दांडी प्रत्यक्ष दाबून दार उघडून पाहावे आणि फलकावर संकेत आला की नाही, हे ताडून नोंदवहीत लिहावे. दोन माणसांना अर्धा तास लागेल असे हे काम आहे.

८. मर्यादा

संकेत स्विच चोरी थांबवीत नाही, ती घडत असल्याचे तत्काळ कळवितो. कुलपाच्या तुलनेत हे उणेपण मान्य केले पाहिजे. पुस्तक घेऊन पळणारा विद्यार्थी कधी निसटेलही. परंतु गेलेले पुस्तक पुन्हा विकत घेता येते. शिवाय किनारपट्टीच्या दमट हवेत संपर्क गंजतात, धुळीने दांडी जड होते आणि दार फुगून चौकटीत अडकते. स्विच उत्तम असूनही दार उघडले नाही तर सारे व्यर्थ होय. म्हणून तपासणीचा क्रम आधी दार, मग दांडी व शेवटी स्विच असाच असावा.

९. समारोप

संडरलँडच्या जिन्यापासून आपल्या सभागृहापर्यंत बंद दारामागील कारण बहुधा एकच आहे : दाराजवळ सतत माणूस उभा करता येत नाही, म्हणून त्याच्या जागी कुलूप लावले जाते. कुलपाला आत कोण आहे व बाहेर काय पेटले आहे, हे कळत नाही. दांडीतील लहानसा स्विच दाराजवळच्या माणसाचे निम्मे काम करतो. तो दार अडवीत नाही व कोणी बाहेर पडताच कळवितो. उरलेले निम्मे काम, म्हणजे तो संकेत ऐकून दारापर्यंत जाणे, हे आपणा सर्वांचे आहे. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या त्या सभागृहाच्या दारावर पुढील वर्षी भोंग्याची दांडी बसविण्यात आली आणि कुलूप काढण्यात आले. पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून तो भोंगा अनेकदा वाजविला. प्रत्येक वेळी कोणीतरी शिक्षक तेथे पोहोचले आणि पुढे ती गंमत आपोआप थांबली. ज्या वाचकांच्या संस्थेत असे दार असेल, त्यांनी या आठवड्यात एकदा तेथवर जाऊन ते हाताने ढकलून पाहावे, एवढीच विनंती.